गुंतागुंत जाते कुठे?

ब्राउन या जर्मन कंपनीचा 'ईटी ६६' हा कॅल्क्युलेटर १९८७ साली बाजारात आला. काळी चपटी पेटी, वर आकडे दिसण्याची खिडकी, खाली गोल बटणांच्या ओळी. नक्षी नाही की चकचकाट नाही. डीटर राम्स आणि डीट्रिख लुब्स या दोघांचे हे काम. औद्योगिक डिझाइनमधील साधेपणाचा, ज्याला आता सर्रास मिनिमलिझम म्हणतात त्याचा, हा एक आदर्श नमुना मानला जातो.

या कॅल्क्युलेटरचे बटण मात्र जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ते मसुराच्या डाळीसारखे, म्हणजे बहिर्वक्र आहे. बटण खोलगट केले तर बोट त्यात नीट बसेल, असे आपल्याला प्रथम वाटते. परंतु बटणे लहान आणि जवळजवळ असली की बोटाचे टोक शेजारच्या बटणालाही लागते. फुगीर बटणाच्या फक्त माथ्याला बोट टेकते, त्यामुळे शेजारचे बटण वाचते. शिवाय न पाहताही बोटाला एकेक उंचवटा मोजता येतो. आकड्यांची बटणे काळी, क्रियांची वेगळ्या रंगाची आणि बरोबरचे चिन्ह असलेले बटण पिवळे. या वस्तूत माहिती कमी केलेली नाही. उलट, छापील अक्षरांच्या जोडीला स्पर्श आणि रंग असे दोन मार्ग वाढवलेले आहेत.

वीस वर्षांनी, २००७ साली, अ‍ॅपल कंपनीचा आयफोन आला. त्यातल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर हीच गोल बटणांची मांडणी चित्ररूपाने आली होती. ही राम्स आणि लुब्स यांना दिलेली दाद होती, असे मानतात. मानायला हरकत नाही. पण सपाट काचेवर काढलेल्या गोलाला माथा नसतो. रंग आला, आकार आला आणि ज्या कारणासाठी तो आकार होता ते कारण मागे राहिले.

राम्सच्या कामाविषयी आज जे कौतुक ऐकू येते, त्यातले बरेचसे अशाच प्रकारचे, केवळ डोळ्यांनी केलेले आहे. वस्तूवरून काय काय काढून टाकले, एवढेच पाहिले जाते. काढून टाकलेले गेले कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र हा प्रश्न सुचायला हवा. प्रणालीच्या एका भागातून काही नाहीसे झाले, तर ते दुसऱ्या कोणत्या भागात गेले हे शोधण्याची आपल्याला सवय असते.

थोडा इतिहास पाहू. राम्सचा जन्म १९३२ साली वीसबाडेन येथे झाला. शिक्षण वास्तुरचनेचे, आजोबा सुतार. १९५५ मध्ये तो ब्राउनमध्ये दाखल झाला, १९६१ पासून तिथल्या डिझाइन विभागाचा प्रमुख होता आणि १९९५ पर्यंत त्या पदावर राहिला. त्या काळी उल्म या गावी १९५३ साली निघालेली डिझाइनची एक संस्था ब्राउनशी सहकार्य करीत होती. ती १९६८ मध्ये बंद पडली. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक इंगे शोल. हिटलरविरोधी पत्रके वाटल्याबद्दल १९४३ साली ज्यांना मृत्युदंड दिला गेला, त्या हान्स आणि सोफी शोल यांची ही थोरली बहीण. भपका आणि घोषणाबाजी यांचा जर्मनीतल्या तरुण पिढीला आलेला वीट या साधेपणामागे होता, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे.

पण साधेपणा म्हणजेच प्रामाणिकपणा, असे समीकरण मांडताना एक अडचण येते. १९३३ साली गोबेल्सच्या पुढाकाराने तयार झालेला 'फोल्क्सएम्फेंगर', म्हणजे लोकांचा रेडिओ, हासुद्धा साधाच होता. वाल्टर मारिया केर्स्टिंग याने त्याची रचना केली. तपकिरी बेकलाइटची पेटी, एक गोल जाळी, मोजक्या कळा आणि किंमत ७६ मार्क. त्यात लघुलहरी घेण्याची सोय नव्हती. फक्त मध्यम आणि दीर्घ लहरी. स्वस्ताईसाठी हे योग्यच होते, असे कोणी म्हणेल. पण दूरदेशीचे प्रसारण ज्या लहरींवरून येते त्याच नेमक्या गाळल्या गेल्या होत्या, आणि १९३९ पासून परकीय केंद्रे ऐकणे हा त्या देशात गुन्हा ठरला. रेडिओची पेटी सुटसुटीत होती, हे खरेच आहे. तेव्हा काय वगळले याबरोबर कोणाच्या सोयीसाठी वगळले, हेही पाहावे लागते.

आता ब्राउनचेच १९५६ सालचे 'एसके ४' हे रेडिओ आणि ग्रामोफोन एकत्र असलेले यंत्र घेऊ. हान्स गुगेलोट आणि राम्स यांनी ते मिळून तयार केले. (एकट्या राम्सच्या नावावर ते खपवले जाते, हा शास्त्रज्ञांच्या चरित्रांतही नेहमी दिसणारा दोष आहे.) पांढऱ्या पत्र्याची पेटी, दोन बाजूंना लाकूड आणि वर पारदर्शक झाकण. या झाकणामुळे लोकांनी त्याला 'हिमगौरीची शवपेटी' असे नाव दिले. झाकण प्रथम पत्र्याचेच योजले होते. पण आवाज मोठा केला की ते खडखडू लागे. हे संस्पंदन, म्हणजे रेझोनन्स. पातळ पत्र्याला स्वतःच्या नैसर्गिक वारंवारता असतात. ध्वनिक्षेपकातून नेमक्या त्या वारंवारतेचा सूर आला की पत्रा थरथरू लागतो. अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकमध्ये अंतर्गत घर्षणाने कंपनांची ऊर्जा लवकर जिरते. वर्गात एक स्टीलची ताटली आणि एक प्लास्टिकचे झाकण दोऱ्याने टांगून पेन्सिलीने ठोकून पाहावे. ताटली किती वेळ वाजत राहते आणि झाकण किती लवकर गप्प होते, यातून विद्यार्थ्यांना अवमंदन समजेल. पुढे सगळ्या जगातल्या रेकॉर्ड प्लेअरवर असे झाकण आले ते सुंदर दिसते म्हणून. मुळात ते आले होते पत्रा खडखडतो म्हणून.

बटणांच्या संख्येचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि आजच्या डिझाइनमध्ये सर्वात जास्त फसगत तिथेच होते. समजा, एखाद्या यंत्राला १६ वेगवेगळी कामे सांगता यायला हवीत. १६ बटणे दिली तर प्रत्येक काम एकदा दाबून होते. ४ बटणे दिली तर दोनदा दाबावे लागेल, कारण ४ × ४ = १६. दोनच बटणे दिली तर चार वेळा. क्लॉड शॅननने १९४८ साली मांडलेल्या माहितीच्या सिद्धांताच्या भाषेत, १६ पर्यायांतून एक निवडायला ४ बिट माहिती लागते. ती तुम्ही एका दमात द्या, नाहीतर हप्त्याहप्त्याने द्या. आणि हप्त्यांनी द्यायची झाली, तर आपण कितव्या हप्त्यावर आहोत हे कोणाला तरी लक्षात ठेवावे लागते. मनगटी डिजिटल घड्याळाची वेळ बदलताना घरोघरी जी तारांबळ उडते, ती याचीच. घड्याळाच्या कडेला बटणे चारच असतात. उरलेली बटणे आपल्या स्मरणशक्तीत बसवलेली असतात. (प्रयोगशाळेतल्या जुन्या ऑसिलोस्कोपवर प्रत्येक कामाला स्वतंत्र खुंटी असे. नवशिक्यांना ती पाटी पाहून धडकी भरते, पण महिनाभरात हात आपोआप योग्य जागी जातो. पडद्यातल्या मेनूंत दडलेले काम दोन वर्षांनीसुद्धा शोधावे लागते.)

अ‍ॅपलने २००९ साली आयपॉड शफल या छोट्या यंत्रावरची गाणे लावण्याथांबवण्याची सगळी बटणे काढून टाकली आणि ती इअरफोनच्या तारेवर नेली. एकदा दाबले की थांबा, दोनदा दाबले की पुढचे गाणे, तीनदा दाबले की मागचे. यंत्र दिसायला धातूच्या गुळगुळीत कांडीसारखे झाले. पुढच्याच वर्षी, २०१० च्या आवृत्तीत, बटणे परत आली.

याच कंपनीच्या २००१ सालच्या पहिल्या आयपॉडकडे मात्र मी वेगळ्या नजरेने पाहतो. जोनाथन आइव्ह आणि त्याचे सहकारी यांच्या या कामाची तुलना नेहमी राम्सच्या १९५८ सालच्या 'टी ३' या खिशातल्या रेडिओशी करतात. दोन्हींत एक आयत आणि त्यात एक वर्तुळ, एवढे साम्य छायाचित्रात दिसते. आत मात्र दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. टी ३ ची तबकडी फिरवली की धारित्र बदलते, धारित्राबरोबर मंडलाची वारंवारता बदलते, आणि तबकडीचा प्रत्येक कोन म्हणजे एक ठरावीक वारंवारता. आयपॉडच्या चक्राला असे ठरावीक स्थान नाही. ते फक्त किती फिरले एवढे सांगते, आणि पडद्यावरची यादी तेवढी सरकते. त्या यंत्रात १००० गाणी मावत होती. पुढे आणि मागे अशी दोनच बटणे दिली असती, तर शेकडो वेळा दाबावे लागले असते. चक्राच्या थोड्या फेऱ्यांत हवे ते गाणे सापडते, कारण अंगठ्याची सलग हालचाल एका दाबापेक्षा कितीतरी जास्त माहिती देऊ शकते. इथे काढून टाकलेल्या बटणांचे काम खरोखरच दुसऱ्या कोणीतरी केले आहे, आणि ते वापरणाऱ्यावर लादलेले नाही. तेव्हा या तुलनेत आयपॉडला मिळणारी शाबासकी योग्य आहे. तिचे दिलेले कारण मात्र चुकीचे आहे.

कधीकधी योग्य उत्तर वजाबाकीचे नसून बेरजेचे असते. अमेरिकेत हेन्री ड्रेफसच्या कार्यालयाने बेल कंपनीसाठी '५००' क्रमांकाचा टेलिफोन तयार केला. त्यात आकडे तबकडीच्या भोकांतून काढून बाहेरच्या कडेला मांडले होते, म्हणजे ते बोटाने झिजणार नाहीत आणि स्पष्ट दिसतील. पण भोके रिकामी झाल्यावर लोकांचा क्रमांक फिरवण्याचा वेग कमी होत असल्याचे बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाला आढळले. नजरेला नेम धरायला काही उरले नव्हते. प्रत्येक भोकाखाली एक पांढरा ठिपका दिल्यावर वेग पूर्ववत झाला. कडक मिनिमलिस्टाने तो ठिपका प्रथम पुसला असता.

आपल्याकडे ही चर्चा नवी नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांनी सर्वोत्तम वस्तू म्हणून निवडला तो आपला तांब्या. तांब्याची रचना करायला बसलो तर काय काय विचारात घ्यावे लागेल, याची लांबलचक यादी त्यांनी दिली: पाणी किती मावते, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, रिकामा आणि भरलेला असताना गुरुत्वमध्य कुठे राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, धातू मोडीत काढला तर काय मिळेल. तांब्याचा आकार एका रेषेत काढता येतो, पण ही यादी त्या रेषेत पूर्णपणे सामावलेली असते. या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आणि उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये पवईच्या आय. आय. टी.त सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. म्हणजे राम्सला घडवणारा विचारप्रवाह मुंबईला थेट येऊन मिळालेला आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने ब्राउनची सर्वात मोलाची वस्तू रेडिओही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. ती आहे 'लेक्ट्रॉन'. गेओर्ग ग्रेगर याची ही कल्पना. ब्राउनने १९६७ पासून ती स्वतः बाजारात आणली. लहान ठोकळे, प्रत्येकात एक रोध, धारित्र किंवा ट्रान्झिस्टर, आणि वरच्या पांढऱ्या पृष्ठावर त्या घटकाचे चिन्ह. ठोकळे चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि चिकटले की जोडणीही होते. त्यामुळे टेबलावर मांडलेली आकृती हेच खरे मंडल असते. झाळकाम नाही, तारांचा गुंता नाही. ठोकळ्याच्या पारदर्शक बाजूंतून आतला घटक दिसतो. मुलांसाठी यापेक्षा साधे काय करता येईल, मला सुचत नाही. आणि तरीही यात काहीच लपवलेले नाही.

आज ज्या वस्तूंना साध्या म्हणतात, त्या बहुतेक बंद पेट्या आहेत. स्क्रू दिसू नये म्हणून भाग डिंकाने चिकटवतात. २००९ पासून अ‍ॅपलने काही वस्तूंत पाच पाकळ्यांचे स्क्रू वापरायला सुरुवात केली, ज्यांना घरातला पेचकस लागत नाही. बॅटरी थकली की वस्तू थकली. २००९ सालच्या 'ऑब्जेक्टिफाइड' या माहितीपटात राम्सने अ‍ॅपलची प्रशंसा केली आहे, पण वस्तू टिकाऊ आणि समजण्यासारखी असावी हे त्याच्याच दहा सूत्रांतले आग्रह आहेत. त्या निकषांवर ही प्रशंसा मला उदार वाटते. यात नुकसान केवळ ग्राहकाचे नाही. बिघडलेला रेडिओ उघडून पाहणे हा आपल्यापैकी अनेकांचा विज्ञानातला पहिला प्रयोग होता. चौथीतल्या मुलीच्या हाती आज जी वस्तू पडते ती उघडण्याची सोयच तिला नाही, आणि ही उणीव तिला सौंदर्य म्हणून दाखवली जाते. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी लागेल, काही अपवाद वगळून. अभियंत्यांना पातळ पेटीचे गणित त्यासाठी पुन्हा मांडावे लागणार आहे.

राम्सने १९६० साली केलेली '६०६' ही भिंतीवरची मांडणी अजून तयार होते. अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, त्यांना ठरावीक अंतरावर भोके, भोकांत खिळी आणि खिळींवर फळ्या. घर बदलले की सगळे सोडवून नेता येते. साठ वर्षांपूर्वी घेतलेल्या पट्टीवर आज विकत आणलेली फळी बसते.