साहाय्य, कर्ज आणि हक्क : महामारीनंतरच्या आंतरराष्ट्रीय मदतीची तेर परिसरातून एक चिकित्सा

प्रस्तावना

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ नगराचा उल्लेख आढळतो. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद त्यात आहे. तगर म्हणजेच आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर होय. येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी व हस्तिदंती वस्तू त्या व्यापाराची साक्ष देतात. तेरचा जगाशी आलेला हा सर्वांत जुना ज्ञात संबंध देवघेवीचा, म्हणजे बरोबरीचा होता.

विसाव्या शतकात याच परिसराची जगाशी पुन्हा गाठ पडली, ती मात्र मदत घेणारा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी येथील घरांत शिजली. १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेचे कर्ज आले. २०२० मध्ये कोविड-१९ ची महामारी आली आणि ‘आंतरराष्ट्रीय साहाय्य’ व ‘पुनरुत्थान’ हे शब्द पुन्हा सर्वत्र उच्चारले जाऊ लागले. महामारीनंतर गरीब देशांना मिळालेल्या साहाय्याची चर्चा बहुधा रकमेच्या अंगाने होते : किती अब्ज डॉलर जाहीर झाले, किती पोहोचले. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, ही मोजणी आवश्यक असली तरी अपुरी आहे. संकटग्रस्ताला त्या साहाय्यावर कोणता हक्क सांगता येतो, हा प्रश्न रकमेइतकाच, किंबहुना अधिक निर्णायक आहे. या भूमिकेची तपासणी येथे धाराशिव–लातूर परिसराच्या अनुभवाच्या आधारे केली आहे.

चिकित्सेची कसोटी

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा केली, ही कथा सर्वश्रुत आहे. मडके बाहेरून कितीही घाटदार दिसले तरी कुंभार त्याच्या आवाजावरून पारख करतो. साहाय्याच्या योजनेचीही अशीच पारख व्हावी. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. साहाय्य गरजेच्या वेळी पोहोचले काय? त्याचा विनियोग ठरविण्यात संकटग्रस्तांचा वाटा होता काय? आणि संकट सरल्यावर त्यांच्या पदरी क्षमता उरली की केवळ ओझे?

१९७२ : मदतीकडून हक्काकडे

१९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी पिढी मिलो आणि सुकडी या दोन शब्दांपाशी हमखास थांबते. मिलोविषयी त्या आठवणींत कृतज्ञतेबरोबर एक अवघडलेपणही असतो. अन्न मिळाले, पण ते निवडता आले नाही. तथापि, त्या दुष्काळाचा टिकाऊ वारसा आयात धान्य हा नव्हे, तर रोजगार हमी योजना हा होय. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू केला. शहरातील नोकरदाराच्या वेतनातून कपात होणारी रक्कम ग्रामीण मजुराच्या कामाला आधार देऊ लागली.

या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या आकारात नव्हते. मागणी केल्यावर ठरावीक मुदतीत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली, हा खरा बदल होता. उपकाराचे रूपांतर दाव्यात झाले. अंमलबजावणीत भ्रष्टाचार, विलंब, खोटी हजेरीपटे हे दोष होतेच. परंतु दोष दाखविण्यासाठी मजुराच्या हाती कायदा होता. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे हीच प्रेरणा राहिली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत शहरांतून परतलेल्या मजुरांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा केंद्र शासनाने त्याच कायद्याखालील कामांसाठी ४० हजार कोटी रुपयांची वाढीव तरतूद केली. महामारीत तातडीने वापरता आलेले हे साधन जुन्या दुष्काळाच्या अनुभवातून घडलेले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९९३ : कर्जातून उभी राहिलेली गावे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या सुमारे २५ कोटी डॉलर कर्जाच्या आधारे महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह व अन्य राज्यांची मदत त्यात मिळाली. संपूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेर त्या गावांत नव्हते. परंतु या परिसरातील क्वचितच एखादे घर असेल, ज्याचे नातेगोते त्या गावांशी नव्हते.

या प्रकल्पातील दोन पद्धतींची तुलना बोधप्रद आहे. स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेनुसार ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४००, तर मोठ्या जमीनदारांस ७५० चौरस फूट. नुकसानीच्या मापाऐवजी मालमत्तेच्या मापाने भरपाई झाली आणि जुनी विषमता सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. नगररचनेच्या चौकटीतील सरळ रस्ते व सुटी घरे यांत वाड्याचे अंगण, जनावरांची जागा, भावकीची गल्ली यांना स्थान उरले नाही. अभ्यासकांनी या गावांवर घेतलेला मुख्य आक्षेप हाच आहे.

याउलट, कमी हानी झालेल्या विस्तीर्ण पट्ट्यात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी स्वतः करावयाचे होते. दर घरामागे रक्कम अल्प होती. मात्र दीड लाखांहून अधिक घरे त्या कक्षेत आली. काम सुरुवातीस रखडले. नंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. कोणते साहित्य, किती हप्ते, गवंड्याने बांधलेल्या कोपऱ्यात पट्टी नीट बसली की नाही, याचा हिशेब चूल सांभाळणाऱ्या बायका मागू लागल्या. प्रकल्प १९९८ मध्ये संपला, पण ही भूमिका संपली नाही. याच स्त्रियांपैकी काही जणी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये आपला अनुभव सांगण्यास गेल्या. तेथील पुनर्बांधणीत मालकांनी स्वतः घर बांधण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. पुढे या संस्थेने महिला शेतकऱ्यांच्या गटांतून अन्नपिकांच्या शेतीचे जे काम उभे केले, त्यास २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले.

कसोटी लावता निष्कर्ष उघड आहे. जेथे दर घरामागे अधिक पैसा ओतला गेला तेथे ग्रहीत्यांचा निर्णयाधिकार सर्वांत कमी होता, आणि जेथे पैसा थोडा पण निर्णय कुटुंबाचा होता, तेथून टिकाऊ क्षमता निर्माण झाली.

२०२० : जागतिक साहाय्याची परीक्षा

हीच कसोटी महामारीनंतरच्या जागतिक व्यवस्थेस लावून पाहू.

प्रथम वेळेचा प्रश्न. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीनंतर जागतिक बँकेने २०१७ मध्ये महामारीसाठी एक खास वित्तीय सुविधा उभारली होती. तिचा एक भाग रोख्यांवर आधारलेला होता. साथ सुरू होऊन बारा आठवडे उलटणे, मृत्यूंची ठरावीक संख्या गाठणे, साथ सीमापार पसरणे अशा अटी पूर्ण झाल्यावरच त्यातून रक्कम सुटणार होती. कोविडच्या बाबतीत ती एप्रिल २०२० अखेर सुटली आणि सुमारे १९ कोटी ५८ लाख डॉलर ६४ देशांत विभागले गेले. साथीच्या आरंभी ठिणगी विझविण्यासाठी योजलेले पाणी वणवा पेटल्यावर आले. अटी गुंतवणूकदारांच्या जोखमीकडे पाहून आखल्या होत्या, रुग्णाकडे पाहून नव्हे.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. जी-२० राष्ट्रांनी मे २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत गरीब देशांच्या कर्जफेडीस स्थगिती दिली. पात्र ७३ देशांपैकी ४८ देशांनी तिचा लाभ घेतला आणि सुमारे १२.९ अब्ज डॉलरची फेड पुढे ढकलली गेली. येथे ‘पुढे ढकलली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुष्काळी वर्षात वसुली तहकूब करणे आणि कर्ज माफ करणे यांतील फरक मराठवाड्यातील शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. खासगी धनको या योजनेत व्यवहारतः सामील झाले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने परकीय कर्जफेड थकविली. सरकारी धनकोंशी त्याची तडजोड होण्यास जून २०२३ उजाडले. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलर मूल्याचे विशेष उचल अधिकार वाटले. हे वाटप सभासदांच्या कोट्यानुसार झाल्याने संपूर्ण आफ्रिका खंडाच्या वाट्यास सुमारे ३३ अब्ज डॉलर आले. जमीनधारणेनुसार घराचे क्षेत्रफळ ठरविणाऱ्या १९९३ च्या पद्धतीचीच ही जागतिक आवृत्ती म्हणावी लागेल.

तिसरा प्रश्न निर्णयाचा. लसींच्या समन्यायी वाटपासाठी स्थापन झालेल्या ‘कोव्हॅक्स’ने २०२१ अखेर २०० कोटी डोस देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात शंभर कोटीवा डोस जानेवारी २०२२ मध्ये पोहोचला. २०२१ संपताना अल्प उत्पन्न गटातील देशांत दहा टक्क्यांहूनही कमी लोकांना लसीचा एक तरी डोस मिळाला होता. भारत व दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत बौद्धिक संपदा हक्कांतून सूट मागितली. लसींपुरता मर्यादित निर्णय जून २०२२ मध्ये झाला, तेव्हा लसींची टंचाई ओसरली होती. लस दान करण्याची तयारी होती, ती बनविण्याचा अधिकार वाटून घेण्याची नव्हती.

देणारा आणि घेणारा भारत

ही चिकित्सा केवळ श्रीमंत राष्ट्रांकडे बोट दाखवून पूर्ण होत नाही. कोव्हॅक्सची मोठी भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. २०२१ च्या मार्च–एप्रिलमध्ये भारतातून लसींची निर्यात रोखली गेली आणि कोव्हॅक्सकडील पुरवठा नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे प्राणवायूअभावी माणसे तडफडत असताना हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु आफ्रिकेतील आरोग्यसेविकेच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, तिच्या वाट्याच्या लसीवर तिचा हक्क नव्हता. दात्याची सदिच्छा संकटाच्या पहिल्या धक्क्याबरोबर मागे घेता येते, ही बाब आपल्याही बाबतीत खरी ठरली.

दुसरा मुद्दा देशांतर्गत आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर परकीय सरकारांची मदत न घेण्याचे धोरण भारताने स्वीकारले होते. एप्रिल–मे २०२१ मध्ये ते बाजूस ठेवून प्राणवायूची उपकरणे स्वीकारण्यात आली. मात्र त्याच काळात, सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने, परकीय देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस हस्तांतरित करण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. पारदर्शकतेचा हेतू नाकारण्याचे कारण नाही. तथापि, दिल्ली–मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळविणाऱ्या तालुका पातळीवरील लहान संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली. संवाद सहायकांसारखी रचना ज्या मधल्या दुव्यावर उभी राहते, तोच दुवा महामारीत कमकुवत झाला.

काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, महाराष्ट्रासारख्या तुलनेने संपन्न राज्याचा अनुभव झांबियास लागू करणे योग्य नाही. व्यवसाय कर बसविण्यासाठी वेतनदार वर्ग असावा लागतो. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अतिगरीब देशांबाबत अनुदानाची जागा सहभागाच्या भाषेने भरून निघणार नाही. श्रीमंत राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के साहाय्य द्यावे, हे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरविले. ब्रिटनने महामारीच्या ऐन भरात, २०२१ मध्ये, आपला वाटा ०.५ टक्क्यांवर आणला. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. हक्काचे अधिष्ठान नसलेले साहाय्य एका निवडणुकीच्या निकालाने थांबू शकते, हेच यातून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १९९३ नंतर लोकसहभागाचा आग्रह जागतिक बँकेच्या प्रकल्पाचाही भाग होता. धनकोच्या अटीमुळे स्त्रियांना जी जागा मिळाली, ती गावच्या पुढाऱ्यांनी आपणहून दिली असती असे म्हणता येत नाही. म्हणजे प्रत्येक अट जाचकच असते असे नाही. अट कोणास बांधते, हे पाहिले पाहिजे. खर्चाचा हिशेब गावापुढे ठेवण्यास शासनाला भाग पाडणारी अट आणि आरोग्यावरील खर्चास कात्री लावण्यास भाग पाडणारी अट एका मापाने मोजता येणार नाहीत.

निष्कर्ष

१. महामारीनंतरचे आंतरराष्ट्रीय साहाय्य रकमेत अपुरे होतेच. परंतु त्याचा मूलभूत दोष हा की, गरीब देशांना त्यावर दावा सांगता येत नव्हता. वेळ, वाटा व अटी देणाऱ्यांनी ठरविल्या.

२. धाराशिव–लातूर परिसराचा अनुभव दर्शवितो की, टिकाऊ पुनर्वसन तेथेच झाले, जेथे ग्रहीत्यास कायद्याने किंवा रचनेने निर्णयाधिकार मिळाला.

३. साहाय्याच्या मूल्यमापनात वितरित रकमेबरोबर स्थगित व माफ कर्जाची स्वतंत्र नोंद, साहाय्य पोहोचण्यास लागलेला काळ आणि स्थानिक संस्थांच्या हाती गेलेला वाटा यांचा समावेश व्हावा.

महाविद्यालयीन अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापनात जागतिक साहाय्य हा विषय प्रायः परदेशी उदाहरणांनी शिकविला जातो. भूकंप पुनर्वसनातील संवाद सहायक आज वार्धक्याकडे झुकल्या आहेत. त्यांच्या मुलाखती, वह्या व हिशेब यांचे संकलन या परिसरातील महाविद्यालयांनी हाती घेतले, तर पुढील संकटात येणाऱ्या प्रत्येक योजनेवर थापटणे ठोकून पाहण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्यापाशी राहील. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.