‘घाशीराम कोतवाल’ आणि नाचणारी भिंत

नाट्य, नृत्य आणि काव्य यांचा एकत्र संसार महाराष्ट्रास नवा नाहीं. तमाशांत आणि दशावतारी खेळांत तो पूर्वापार चालत आला आहे. परंतु सुशिक्षितांच्या रंगभूमीवर कामविकार दाखवावयाचा म्हणजे पात्रांनीं एखादें पद म्हणावें किंवा अलंकृत भाषण करावें, असाच प्रघात होता. नाशिकांत द्वारकेनजीक बसून लिहिणाऱ्या आम्हांस कुसुमाग्रजांचा अभिमान असणें स्वाभाविक आहे. त्यांचें १९६६ मधील ‘ययाति आणि देवयानी’ हें या रीतीचें उत्तम उदाहरण होय. तेथें वासना कवीच्या वाणीनें बोलते. म्हणून ती निंद्य ठरली तरी सुंदर वाटते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकानें हा मार्ग सोडला. डिसेंबर १९७२ मध्यें पुण्यास त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचें, संगीत भास्कर चंदावरकरांचें आणि नृत्ययोजना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. येथें ओळीनें उभ्या असलेल्या ब्राह्मणांचीच भिंत होते. ती गाते, डोलते आणि प्रसंगीं पाठ फिरविते. रात्रीं बावनखणींत रमणारे हे गृहस्थ विचारणाऱ्यास कीर्तनाचें नांव सांगतात. पुणेकरांनीं अपमानिलेला घाशीराम सूडासाठीं आपली कन्या गौरी नाना फडणविसांस देतो आणि कोतवाली मिळवितो. हा सौदाहि या भिंतीच्या साक्षीनेंच होतो.

आमच्या मतें या नाटकांतील नृत्याचें मर्म येथेंच आहे. बोलून दाखविलेली वासना एका माणसाची राहते. तालावर नाचलेली वासना साऱ्या समाजाची होते. भक्तिगीतावर धरलेला ठेका लावणीवरहि सुटत नाहीं. प्रेक्षकाचा पायहि नकळत ताल धरतो, आणि आपणहि त्या भिंतींत उभे आहों, अशी त्यास शंका येते.

नानांची विटंबना झाली, असा आक्षेप त्या काळीं प्रबळ झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननें प्रयोग थांबविले, तेव्हां त्यांतील मंडळींनीं थिएटर अकॅडमी स्थापून ते पुढें चालविले. १९८० सालीं तें युरोपांतहि गेलें. हें ऐतिहासिक नाटक नव्हे, असें तेंडुलकरांनीं स्वतःच सांगितलें होतें. तेव्हां त्या आक्षेपाची चर्चा आम्ही वाढवीत नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. सौदा करणारे, तो पाहणारे आणि त्याकडे पाठ फिरविणारे, अशा सर्वांस या नाटकांत सूर व ताल मिळाला आहे. जिचा सौदा झाला आणि ज्यांत तिचा प्राण गेला, त्या गौरीचें मन मात्र बंदच राहतें. तिचें मौन समाजाची निष्ठुरता दाखवितें, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्यहि आहे. तरी तिला एखादें कवन मिळतें, तर ही निष्ठुरता अधिक जाणवली असती, असें आम्हांस वाटतें. नृत्य व काव्य यांच्या साह्यानें आज जे नवे प्रयोग करूं इच्छितात, त्यांनीं या नाटकाची भिंत अवश्य अभ्यासावी. तिच्यापलीकडे राहिलेल्या मुलीचाहि त्यांस विसर पडूं नये.