आयदान कोणी विणावे?

'पारंपरिक कला पुढच्या पिढीकडे गेली पाहिजे' असा एक गोड सूर सध्या सर्वत्र ऐकू येतो. सरकारी प्रदर्शनांत, शहरी हस्तकला मेळ्यांत, दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत. बुरूड, चर्मकार, कैकाडी यांच्या मुलांनी बापाचे हत्यार हाती घ्यावे असा हा उपदेश असतो. उपदेश करणाऱ्यांची मुले त्यातून वगळलेली असतात. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) पुन्हा वाचताना हा सूर मला अधिकच खटकला. कारण हे आत्मकथन त्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपल्या समीक्षेने ते उत्तर नीट ऐकलेले नाही.

आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तूंचे सर्वसाधारण नाव. सूप, रोवळी, परडी, हारा, टोपली. देशावर हे काम बुरुडाचे; कोकणात ते महारवाड्यात चाले. हा फरक किरकोळ नाही. घाटावर जी कला एका जातीच्या रक्तात असल्याचे सांगतात, ती वरंध घाट उतरताच दुसऱ्या जातीच्या रक्तात कशी जाते? रक्ताचा येथे संबंधच नाही. गावाला टोपली हवी होती आणि ती कमी मोलात करून देणारे हात हवे होते. जातीने कामे वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच कायमची वेगळी काढली जातात, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीच्या भाषणात दाखवून दिलेच आहे.

माझे गाव तुडील, महाड तालुक्यातले. माझी आजी सुपे विणायची. तिच्या तरुणपणी सूप घेणारी बाई त्यावर आधी पाणी शिंपडी, मग ते उचलून आत नेई. सूप स्वयंपाकघरात जाई, विणणारी अंगणात उभी राही. याच तालुक्यातील रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना जाब विचारला होता. आजीने ते पुस्तक पाहिले नव्हते. पण पाण्याने सुपाचा विटाळ जातो तर माझा का जात नाही, हे ती विचारीत असे.

'आयदान'वरील बहुतेक लेखांत 'विणणे' या प्रतिमेचे कौतुक असते. आईचे विणणे आणि मुलीचे लिहिणे एकाच जातकुळीचे, असे लेखिकेने स्वतःच म्हटले आहे. त्यामुळे समीक्षकाला ही प्रतिमा आयतीच मिळते. परंतु प्रतिमेच्या मागे एक व्यवहार आहे. वडील शिक्षक, लवकर गेलेले. मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह. तो आग्रह आईने आयदाने विणून पुरा केला. विणकाम मुलीच्या हाती जाऊ नये म्हणून ती विणत राहिली, असेच मी या आईला वाचतो. परंपरा तुटली असे ज्याला वाटते त्याने हे लक्षात घ्यावे, की ती त्या आईने जाणूनबुजून तोडली आणि तोडण्याची किंमतही तिनेच भरली. सौंदर्यवादी समीक्षेला ही किंमत दिसत नाही. तिला फक्त वीण दिसते.

येथे कोणी परदेशी उदाहरणे पुढे करील. अमेरिकेत वायोमिंगमधील विंड रिव्हर येथे अरापाहो हे आदिवासी राहतात. त्यांच्या स्त्रियांचे मणीकाम नावाजलेले आहे. व्यापाऱ्यांनी काचेचे मणी आणण्यापूर्वी त्या साळिंदराच्या काट्यांनी नक्षी करीत, आणि त्या कामातल्या जाणत्या वृद्धांना धार्मिक अधिकार असे. तेथील वसतिशाळांनी मुलांचे केस कापले, भाषा हिरावली. म्हणून तेथे नातीने आजीशेजारी बसून मणी ओवणे हा प्रतिकार ठरतो. आपल्याकडे नात आजीपासून उठून शाळेत गेली, हाच प्रतिकार होता. दलित पँथरने १९७२ साली काळ्यांच्या लढ्यातून नाव घेतले, तेव्हापासून जगातल्या शोषितांशी आपले नाते आहे. पण नाते आहे म्हणून औषधही एकच असते असे नाही.

मात्र इथे थांबणे आपल्याला फार सोयीचे आहे. आजीला कोणता बांबू किती वर्षांचा झाल्यावर कापायचा, कोणत्या दिवसांत कापला तर भुंगा लागत नाही, हे ठाऊक होते. कामटी किती पातळ हे ती अंगठ्याने ठरवी. हे ज्ञान होते. आम्ही तिचे दुःख उतरवून घेतले, ज्ञान घेतले नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) वर मी वाचलेल्या लेखांत भूक आहे, बिऱ्हाड आहे, जातपंचायत आहे. फोकाची टोपली कशी उभी राहते याविषयी चकार शब्द नाही. वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत आपण आपल्याच माणसांचे कसब गाळून टाकले. ज्यांनी ते काम लादले त्यांच्याइतकेच आपणही त्याला हलके मानले काय?

आता तर बांबूला 'हिरवे सोने' म्हणतात. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, तोडणी-वाहतुकीची अडचण कमी झाली. चांगले झाले. मग प्रशिक्षण सर्व जातींच्या मुलांना द्या, तंत्रनिकेतनांत द्या, आणि वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्यांना पगार देऊन शिक्षक नेमा. जन्मावरून विद्यार्थी निवडणार असाल तर ते बलुतेच, फक्त प्रमाणपत्र लावलेले.

वर्गात 'आयदान' शिकवताना एका मुलीने विचारले, "सर, रोवळी विणतात कशी?" मी तासभर वेदनेवर बोललो होतो. मला उत्तर देता आले नाही. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आत्याला म्हटले, मला दाखव. ती म्हणाली, "कशाला रं? नोकरी गेली काय तुजी?" बराच वेळ तिला पटेना. मग तिने एकेक नाव सांगितले, मी चार पाने भरली. पण बूड कसे धरायचे ते तिला शब्दांत सांगता येईना. हात हवेतच फिरवून ती म्हणाली, बांबू आण. पावसाळा होता, तोडायचे दिवस नव्हते.