‘लोक’ ही संज्ञा आणि नागरिकाची मागणी

एर्नेस्तो लाक्लाव यांच्या ‘ऑन पॉप्युलिस्ट रीझन’ (२००५) या ग्रंथातील ‘लोक’ हा आधीपासून सिद्ध असलेला समूह नाही. तो रचला जातो. सत्तेने नाकारलेल्या भिन्न भिन्न मागण्या परस्परांशी समतुल्य ठरतात आणि एखादी घोषणा वा नेत्याचे नाव रिक्त चिन्हक होऊन त्या सर्वांचे प्रतिनिधित्व करू लागते. सत्तेबाहेरील चळवळीचे वाचन या मांडणीने समर्थपणे होते. परंतु ‘लोक’च सत्ताधारी झाल्यावर मागणी कोणाकडे करायची, हा प्रश्न तीत पुरेसा उलगडत नाही.

बोलिव्हियात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील १९५२ च्या क्रांतीने मूलनिवासींना ‘शेतकरी’ हे नाव देऊन नागरिकत्वात सामावून घेतले. म्हणजे ओळख पुसण्याच्या अटीवर. आयमारा समाजातील एव्हो मोरालेस २००६ मध्ये अध्यक्ष झाले आणि २००९ च्या राज्यघटनेने ही अट मोडली. राज्य ‘बहुराष्ट्रीय’ ठरले, स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषा अधिकृत झाल्या. ‘लोक’ ही संज्ञा संहितेतच अनेकवचनी झाली.

२०११ मध्ये इसिबोरो सेक्युरे या मूलनिवासी प्रदेशातून जाणाऱ्या नियोजित महामार्गाविरुद्ध तेथील रहिवासी राजधानीकडे चालत निघाले. त्यांचा आधार होता तो याच राज्यघटनेने दिलेला पूर्वसल्ल्याचा हक्क. २५ सप्टेंबर रोजी चापारिना येथे पोलिसांनी मोर्चावर बळाचा वापर केला. त्याआधी अध्यक्षांनी मोर्चेकऱ्यांचा संबंध अमेरिकी दूतावासाशी जोडला होता. या आरोपाचे तर्कशास्त्र महत्त्वाचे आहे: राज्य म्हणजेच लोक असेल, तर राज्याविरुद्ध बोलणारा लोकांबाहेरचाच असला पाहिजे. मागणीचे रूपांतर येथे द्रोहात होते. जनक्षोभानंतर त्या प्रदेशाला मिळालेले कायद्याचे संरक्षण २०१७ मध्ये काढून घेण्यात आले.

त्याच वर्षी दुसरे अपवाचन घडले. अध्यक्षीय कार्यकाळाची मर्यादा शिथिल करण्यास फेब्रुवारी २०१६ च्या सार्वमताने नकार दिला होता; घटनात्मक न्यायाधिकरणाने मात्र पुन्हा निवडणूक लढवणे हा मानवी हक्क असल्याचे सांगून ती मर्यादाच निष्प्रभ केली. लोकांचा कौल लोकांच्या प्रतिनिधीसाठी बाजूला सारला गेला.

मोरालेस यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये पायउतार व्हावे लागले. त्यानंतरच्या हंगामी सरकारच्या काळातील हिंसा पाहता त्यांच्या विरोधकांनाही लोकशाहीचे रक्षक म्हणता येत नाही. म्हणूनच या अनुभवाचा अर्थ डाव्या राजकारणाच्या वैफल्यापुरता मर्यादित करणे चुकीचे ठरेल. ज्या संहितेने मोर्चेकऱ्यांना हक्काची भाषा दिली, ती याच राजकारणाची निर्मिती होती. राज्याने लिहिलेली संहिता राज्याविरुद्ध वाचण्याचा अधिकार म्हणजे नागरिकत्व; ‘लोक’ या चिन्हकाची मालकी राज्याकडे गेली की प्रथम तोच धोक्यात येतो.