बेडूक ओळखला; पुढे काय?

जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरील इंग्रजी पुस्तक १९८३ साली आले. उभयचरांना त्याच्या नावात जागा मिळाली ती २००२ साली. वास्तविक पश्चिम भारतातील उभयचरांवरील त्यांची लेखमाला १९६३ मध्येच सुरू झाली होती. जाती ओळखण्यासाठी पुस्तक आजही उपयोगी आहे.

मात्र नावे बदलली आहेत. अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा, खरखरीत कातडीचा 'बुफो' २००६ पासून 'दत्ताफ्रायनस' झाला. हा सन्मान बेडकांचे भारतीय अभ्यासक सुशीलकुमार दत्ता यांचा.

खरी उणीव वेगळी आहे. बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याकाठी ऊस आणि पाणी, तर जिरायती पट्ट्यात महिनोन्महिने कोरडी जमीन. तिथे मातीत दडलेला बेडूक मोठ्या पावसात वर येतो. डबके आटण्यापूर्वी पिल्लांना पाय फुटले नाहीत, तर त्या डबक्यातली पिढी संपते. ही शर्यत ओळखपुस्तकात मावत नाही. डबके किती दिवस टिकले, आवाज कधी आले, पाय कधी फुटले, हे विद्यार्थ्यांनी प्राण्यांना हात न लावता नोंदवावे. पुस्तक शाळेत असावेच. जोडीला अशी एक वहीही असावी.