आज्ञाधारकतेचा शाप : 'एला एन्चांटेड' या कादंबरीचा आस्वाद

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडे आपली विद्यापीठीय समीक्षा क्वचितच वळते. वळलीच तर संस्कारमूल्य, लिंगभाव अशा एखाद्या चौकटीत ती कृती बसवून मोकळी होते. कृती वाचताना आनंद कशामुळे झाला, हा आस्वादाचा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. गेल कार्सन लेव्हाइन या अमेरिकन लेखिकेच्या 'एला एन्चांटेड' (१९९७) या कादंबरीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारावयाचा आहे. लेव्हाइन यांची ही पहिली प्रकाशित कादंबरी. १९९८ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा सन्मान लाभला.

कादंबरीच्या मुळाशी सिंड्रेलाची कथा आहे. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये सिद्ध केलेल्या फ्रेंच पाठातील नायिका सावत्र आईची सारी कामे निमूटपणे करते, वडिलांजवळही तक्रार करीत नाही आणि शेवटी बहिणींना उदार मनाने क्षमा करते. परंतु ही मुलगी एवढे का ऐकते, याचे कारण परीकथा देत नाही. चांगुलपणा हेच तिथे पुरेसे कारण असते. लेव्हाइन नेमके येथे बोट ठेवतात. ल्युसिंडा नावाची परी नवजात एलाला आज्ञाधारकतेचे वरदान देते. त्यानंतर कोणीही काहीही आज्ञा केली तरी एलाला ती पाळावीच लागते. मूळ कथेतला सद्गुण या कादंबरीत शाप ठरतो. कथानकाचा सांगाडा तोच राहतो, पण त्यातील प्रत्येक घटनेचा अर्थ पालटतो. पुनर्कथनाचा खरा आनंद या ओळखीच्या वाटेवरच्या अनोळखीपणात आहे.

अर्ज-विनंतीच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' असे लिहीत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हा पालट जरा जास्तच बोचावा.

शापाची बोच लेखिकेने आधी विनोदातून दाखविली आहे. स्वयंपाकीण मँडीने बदाम आणावयास सांगितले तर एला दोनच बदाम आणते. भांडे धरावयास सांगितले तर भांडे धरते, पण पाय हलवीत राहते आणि मँडीला तिच्यामागे फिरावे लागते. आज्ञेचा शब्द पाळावयाचा आणि आशय मोडावयाचा, ही एलाची युक्ती. निवेदन प्रथमपुरुषी असल्याने वाचक या खोडीत तिचा भागीदार होतो. एलाला परभाषा चटकन अवगत होतात, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. शब्दांच्या फटी शोधणे हेच जिचे स्वातंत्र्य, तिचे भाषाप्रभुत्व केवळ अलंकारिक राहत नाही.

शापाविषयी कोणालाही सांगू नकोस, अशी आज्ञा आईनेच एलाला केलेली असते. प्रेमापोटी केलेली ही आज्ञाही बेडीच ठरते, कारण तिच्यामुळे एलाला मदत मागता येत नाही. पुढे सावत्र बहीण होणारी हॅटी शापाचे नाव न कळताही त्याचा उपयोग ओळखते. ती प्रथम एलाच्या आईचा हार घेते आणि नंतर शाळेतील मैत्रीण अरेडा हिच्याशी मैत्री तोडावयास सांगते. मैत्रिणीला तोंडावर दुखविणे असह्य होऊन एला रातोरात शाळा सोडते. प्रस्तुत समीक्षकाच्या मते कादंबरीतील सर्वांत हृद्य प्रसंग हा आहे. राजवाड्यातील मेजवान्या त्यापुढे फिक्या वाटतात.

कादंबरीचा उत्कर्षबिंदू मात्र वादग्रस्त ठरू शकतो. राजपुत्र चार लग्नासाठी आज्ञार्थी शब्द वापरतो. स्वतःलाही तेच हवे असताना एला नकार देते आणि शाप तुटतो. शापग्रस्त राणीच्या तोंडून शत्रू राजाचा घात करवू शकेल, ही तिची भीती. तिला मुक्ती मिळाली ती स्वतःसाठी नव्हे तर पुरुषासाठी, असा आक्षेप येथे घेता येईल. तो पूर्णपणे खोडता येत नाही, कारण स्वतःसाठी केलेले तिचे आधीचे प्रयत्न फसलेले आहेत, हे कादंबरीच सांगते. तरी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्याच्यासाठी ती नकार देते त्यालाच ती नकार देते. आवडत्या माणसाची, आवडती आज्ञा मोडणे हे हॅटीची आज्ञा मोडण्याहून कठीण आहे. कोणतीही परी, दासी वा राजपुत्र तिला सोडवीत नाही, आणि मूळ कथेशी तुलना करता हा फरक मोठा आहे.

दोषही आहेत. हॅटी आणि ऑलिव्ह या व्यक्तिरेखा लोभ आणि मूर्खपणा यांपलीकडे जात नाहीत, राक्षसांचा प्रसंग घाईने उरकला आहे. याउलट ल्युसिंडाचे मतपरिवर्तन सुबक साधले आहे. मँडीच्या आव्हानावरून ती तीन महिने खार आणि तीन महिने आज्ञाधारक मूल होऊन राहते आणि पस्तावते. पण मोठी जादू पुन्हा न करण्याची शपथ घेतल्याने तिला एलाचा शापही काढता येत नाही! या उपरोधाला चांगल्या प्रहसनाची धार आहे.

२००४ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला, पण तो मूळ कृतीपासून बराच दूर गेला आहे. कादंबरीची एला लग्नानंतर राजकन्या हे बिरुद नाकारते आणि दोन पदव्या स्वतः निवडते : दरबारची भाषातज्ज्ञ आणि स्वयंपाकघरातील मदतनीस.