‘पथेर पांचाली’ : माध्यमांतर आणि न दिसलेली आगगाडी

साहित्यकृतीवर आधारित चित्रपटाचे मूल्यमापन करताना तो मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे, एवढाच प्रश्न आपल्याकडे बहुधा विचारला जातो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ (१९२९) आणि सत्यजित राय यांचा त्याच नावाचा चित्रपट (१९५५) यांच्या संदर्भात हा निकष तोकडा पडतो.

कादंबरीच्या ‘आम आंटिर भेंपू’ या संक्षिप्त आवृत्तीसाठी राय यांनी चित्रे काढली होती. चित्रपटाचा घाटही संक्षेपाचाच आहे. काशीचे पर्व त्यांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) राखून ठेवले. कादंबरीत इंदिर ठाकरुण आरंभीच, अपू तान्हा असताना मरण पावते. चित्रपटात ती पुष्कळ पुढेपर्यंत जगते आणि तिचा मृतदेह मुलांनाच बांबूच्या बनात सापडतो. हा बदल मुळाला सोडून आहे, पण चित्रपटाचे सामर्थ्य येथेच प्रकर्षाने जाणवते. चुनीबाला देवींच्या नुसत्या बसण्या-उठण्यातून दारिद्र्य आणि जगण्याची हौस एकाच वेळी प्रकट होतात.

आगगाडीचे मात्र तसे म्हणता येत नाही. काशफुलांतून धावणारी भावंडे हे चित्रपटातील सर्वाधिक गौरवले गेलेले दृश्य. कादंबरीत ती दोघे रुळांपर्यंत पोहोचतच नाहीत. आजारी दुर्गा अपूकडे आगगाडी दाखवण्याची इच्छा व्यक्त करते आणि ती पाहण्याआधीच जाते. पुढे स्वतः गाडीत बसलेल्या अपूला ताईची आठवण होते, तेव्हा त्या प्रवासाला अपराधाची छटा येते. चित्रपटात धावताना दुर्गा अडखळते खरी, पण गाडी येऊन जाते आणि तो सल बोथट होतो. दृश्यसौंदर्यासाठी मोजलेली ही किंमत मोठी आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. (केवळ चित्रपट पाहून कादंबरीवर उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हानी जाणवतही नाही.)

अपूचे महाभारतात रमणे, कर्णासाठी हळहळणे हे कल्पनाविश्वही पडद्यावर क्षीण होते. तेथील अपू मुख्यतः पाहणारा मुलगा आहे. अपवाद एकच. दुर्गेच्या मृत्यूनंतर तिने चोरलेली माळ त्याला सापडते आणि तो ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर फाकते, पुन्हा मिटते. बहिणीचे गुपित राखणाऱ्या अपूचे अंतर्मन येथे, एकही शब्द न उच्चारता, कादंबरीच्या तोडीने साकार झाले आहे.